गुरुवारी एक ते चार

त्या गुरुवारी सकाळी माझं काम अगदी साधं होतं. नागपूरहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडून प्रिंटरची रिबन घ्यायची आणि पुढची बस पकडून पांढुर्ण्याला पोचायचं. सौंसरच्या स्टँडवर रिबन हातात पडली, बसही वेळेवर सुटली. मार्च एकोणनव्वद. मृग बहार उतरत होता आणि खिडकीतून सगळीकडे संत्र्याचाच वास येत होता. घाबरावं असं त्या सकाळी काहीच नव्हतं, हे मुद्दाम सांगते.

पांढुर्ण्यात संत्रा उत्पादकांच्या संस्थेत मी कॉम्प्युटर चालवत होते. बी.एस्सी. झाल्यावर नागपुरात वर्षाचा कोर्स केला होता. त्याच कोर्सवर भोपाळची नोकरी मिळत होती, पण मी ही धरली ती पाळीसाठी. संस्थेला रेल्वेचा डबा आठवड्यातून दोनदा मिळायचा. त्यात कोणाच्या पेट्या आधी चढायच्या हे पूर्वी अध्यक्ष रघुनाथरावांच्या चिठ्ठीवर ठरायचं. मोठ्या बागा आधी, लहान बागा उरलेल्या जागेत. मशीन आल्यापासून ज्याची नोंद आधी त्याची पाळी आधी. मशीनला कोणाचं आडनाव कळत नाही, असं मी भेटेल त्याला सांगत होते.

मशीन आतल्या थंड खोलीत. बाहेर काउंटरवर त्याला जोडलेले तीन स्क्रीन, आणि नोंद, वजन, गेटपास असं सगळं त्या तिघांवर. त्यामुळे गुरुवारी हमखास भांडण. गुरुवारी एक ते चार मशीनमधला सगळा मजकूर फ्लॉप्यांवर उतरवायचा, म्हणजे पूर्ण बॅकअप, आणि तेवढा वेळ तिन्ही स्क्रीन बंद ठेवायचे. अठ्ठावीस फ्लॉप्या, एकेकीला सहा मिनिटं. बाहेर गाड्यांची रांग, सोडलेले बैल, बाभळीखाली झोपलेले हमाल, आणि शिव्या खायला मी.

आतलं काम शालिकराम काकांचं. सातवी शिकलेले, आधी वजनकाट्यावर होते. मशीन बसवायला आलेल्या इंजिनियरने शिकवलं ते त्यांनी व्रतासारखं धरलं. चपला दाराबाहेर काढून आत जायचे. दाढ दुखायची म्हणून तोंडात सदा लवंग. प्रत्येक फ्लॉपी घालताना तिचा आकडा पुटपुटायचे. फ्लॉप्यांचे तीन संच होते. त्यांना काका आजोबा, बाप आणि लेक म्हणायचे, आणि दर आठवड्याला सगळ्यात जुन्या संचावर नवा मजकूर घ्यायचे. शेवटी रजिस्टरात दोन सह्या, घेणारा आणि तपासणारा. दुसरी माझी. ती झाल्याशिवाय काका कपाटाला कुलूप लावत नसत.

"काका, आठवड्यात जेवढं बदललं तेवढंच घ्या ना. दहा मिनिटांत होईल," मी एकदा वैतागून म्हटलं.

"घर जळलं, बाई, तं कालची भाजी वाचवून काय करसान?"

"लोक तीन तास उन्हात उभे आहेत."

"पाळीसाठीच उभे हायेत ना. अन् थे पाळीच गेली तं?"

जानेवारीत काका गेले. छातीत कळ आली, छिंदवाड्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. खोलीची आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आली, आणि मी पूर्ण बॅकअप बंद केला. रोज संध्याकाळी दिवसभराचे बदल त्याच एका फ्लॉपीवर घ्यायचे, फ्लॉपी माझ्या टेबलाच्या खणात टाकायची, की झालं. गुरुवार मोकळा झाला. रघुनाथरावांनीसुद्धा शाबासकी दिली.

फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी बरोबर एक वाजता तिन्ही स्क्रीन थिजले. चार वाजता आपोआप चालू झाले.

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. नागपूरहून इंजिनियर आला, सगळं उघडून पाहिलं आणि मशीन ठणठणीत आहे असं लिहून देऊन गेला. दर गुरुवारी एक ते चार मी आवारात उभी राहून लोकांची समजूत घालत होते. आमचा शिपाई कवडू म्हणाला, "मॅडम, मशीन गुरुवार पाळून राहिलं. उपास असन त्याचा." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

म्हणून रिबन आणली त्या पाचव्या गुरुवारी मी ठरवलं होतं, एक वाजता आपण आत असायचं.

काउंटरवर केसरबाई उभ्या होत्या. त्यांची दोनशे झाडं. तीन आठवड्यांपासून पाळीची वाट पाहत होत्या, आणि आता फळ उतरवून पेट्या भरून झाल्या होत्या. सोमवारपर्यंत तो माल टिकणार नव्हता.

"माय, शनिवारचा डबा पक्का ना?"

"पक्का. मशीनमध्ये नाव आहे तुमचं."

"मशीन तं दर गुरुवारी मरून राहिलं," त्या म्हणाल्या. "माह्यं नाव घेऊन नको मरो म्हणा."

एकला पाच मिनिटं होती. मी खोलीचं कुलूप काढलं, आत गेले, दार लोटून घेतलं.

दार लागताच आवारातला कलकलाट तुटला. जाड काळे पडदे, एसीची घरघर, एकच ट्यूब. बाहेर रणरणती दुपार आहे हे आत खरं वाटेना. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मशीनचा पंखा फिरत होता. मग फ्लॉपी घालतात त्या फटीवरचा छोटा लाल दिवा लागला.

कर्र... खट.

शांतता. पुन्हा कर्र... आणि सहा मिनिटांनी, की सहा क्षणांनी, खट. फटीवरची खिट्टी आपली आपण वर उचलली गेली. लवंगेचा वास आला, आधी पुसट, मग इतका जवळून की माझ्याच तोंडात लवंग असावी.

"सात..." कोणीतरी पुटपुटलं. "आठ..."

मशीनसमोरच्या खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती. मी पाहत असतानाच ती सावकाश वर आली, जसं कोणी आवाज न करता उठावं. आणि अगदी माझ्या कानामागे, हलक्या आवाजात...

"बाई... तपासून घ्या."

मी दार उघडून बाहेर पडले. आत फार तर दहा मिनिटं झाली असतील.

काउंटरवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिन्ही स्क्रीन चालू होते, लोकांना गेटपास मिळत होते.

"तीन तास काय करून राहिल्या होत्या, मॅडम?" कवडूने विचारलं. मग त्याची नजर माझ्या पायांकडे गेली. मी अनवाणी होते. माझ्या चपला खोलीच्या दाराबाहेर, भिंतीशी, जोडीने ठेवलेल्या होत्या. त्या खोलीत मी कधीच चपला काढून गेले नव्हते. काकांनी कितीदा सांगूनही नाही.

मी चपला पायात सरकवल्या. संध्याकाळी नेहमीसारखे दिवसाचे बदल फ्लॉपीवर घेतले आणि सौंसरची बस पकडली. हाताला लवंगेचा वास येत होता. घरी दोनदा साबण लावला, तरी गेला नाही.

शुक्रवारी सकाळी मशीन चालू केलं, तर आतून दगडावर पत्रा घासावा तसा आवाज आला. मजकूर साठवायची चकती खलास झाली होती. दुपारपर्यंत इंजिनियर नवी घेऊन आला, पण ती कोरी. माझ्या खणातली फ्लॉपी घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने ती पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "यात फक्त कालचे बदल आहेत. ज्यात बदल करायचे ते मूळ कुठे आहे?"

मूळ जानेवारीतलं होतं. त्यात ह्या बहाराची एकही पाळी नव्हती.

रघुनाथराव आत आले, सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, हे जास्त वाईट. "असू द्या, वंदनाबाई. शिकल्या ना तुम्ही? उद्याच्या डब्याच्या चिठ्ठ्या आम्ही काढतो. जुनंच बरं होतं." दाराशी केसरबाई उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिथेच खाली बसल्या.

मी किल्ली घेऊन कपाटाकडे गेले. काका गेल्यापासून ते उघडलं नव्हतं. निदान जानेवारीचा संच तरी काढावा म्हणून उघडलं.

तीन संच ओळीने उभे होते. आजोबा, बाप, लेक. वर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर काकांचं जाडसर अक्षर. सोळा फेब्रुवारी. तेवीस फेब्रुवारी. दोन मार्च.

दोन मार्च म्हणजे कालचा गुरुवार.

मी अठ्ठावीस फ्लॉप्या एकेक करून इंजिनियरच्या हातात दिल्या. आकडे मी मोठ्याने म्हणत होते, हे मला पंधराव्या फ्लॉपीला कळलं. एकही खराब निघाली नाही. त्यावर माझ्या खणातली फ्लॉपी चढवली आणि गुरुवार संध्याकाळपर्यंतचं सगळं जसंच्या तसं उभं राहिलं. सात वाजता मी शनिवारच्या डब्याची यादी नव्या रिबनवर छापली. केसरबाईंचं नाव चौथं होतं. रघुनाथरावांनी यादी दोनदा वाचली आणि खाली सही केली.

शनिवारी केसरबाईंच्या पेट्या चढल्या. डब्याचं दार लागल्यावर त्यांनी पदराखालून दोन संत्री काढून माझ्या हातावर ठेवली. "एक तुले. अन् एक त्या मशीनले." मी दुसरं संत्रं आत नेऊन खुर्चीवर ठेवलं. तोवर कधी कोणाला मनापासून धन्यवाद म्हटलं नव्हतं, ते त्या रिकाम्या खोलीत म्हटलं. माझ्या घाईने बुडालेलं काकांनी मरूनही वाचवलं होतं.

आता दर गुरुवारी एक ते चार मी स्वतः पूर्ण बॅकअप घेते. चपला बाहेर काढते. लोक कुरकुरतात, केसरबाई असल्या तर त्यांना गप्प करतात. रजिस्टरात 'घेणारा' खाली माझी सही असते. 'तपासणारा'चा रकाना मी कोरा सोडते, आणि शुक्रवारी सकाळी तो कोरा नसतो. त्याची मला भीती वाटत नाही. उलट काकांची ती सही पाहिली की दिवस नीट सुरू होतो.

एकच गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. त्या शनिवारी मी रजिस्टर उघडलं, तेव्हा फेब्रुवारीपासूनच्या पाच ओळी भरलेल्या होत्या. 'घेणारा' खाली काकांची सही. 'तपासणारा' खाली माझी, शेवटी मी मारते त्या आडव्या रेघेसकट. पाचवी मी समजू शकते. त्या तीन तासांत आत काय झालं ते मला आठवत नाही. पण आधीचे चारही गुरुवार एक ते चार मी आवारात होते, भर उन्हात, पन्नास माणसांच्या शिव्या ऐकत. त्या चारही सह्या माझ्याच आहेत.