नवव्याचं पोट

पोटासाठी माणूस काय वाटेल ते करतो म्हणतात. मी पोटंच शिवते. नाटकात, सिनेमात, जाहिरातीत कुणा बाईला दिवस गेलेले दाखवायचे असले की मला निरोप येतो. तिसऱ्याचं, पाचव्याचं, सातव्याचं, नवव्याचं, अशी महिन्यांप्रमाणे पोटं. आत स्पंज, स्पंजात वाळूच्या पुरचुंड्या, कारण वजन नसलं की बाई उशी बांधल्यासारखी चालते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं. वरून कातडीच्या रंगाचा रबरी थर. शिवण नेहमी पाठीमागे. पुढून शिवण दिसली तर त्या दिवशी सुई ठेवून देईन, असं मी छातीठोकपणे सांगत आलेय. सेटवर मला पोटवाली मावशी म्हणतात. माझ्या पाठीमागे याहून वाईटही म्हणत असतील.

भुताचे सिनेमे मी पुष्कळ केले. भूत कुठल्या दोरीनं वर जातं आणि दोरी कोण ओढतं हे ठाऊक असलं की भीती राहत नाही. शिवाय मी मापाच्या टेपवर विश्वास ठेवणारी बाई आहे. माणसं पोट आत ओढून घेतात, टेप खोटं बोलत नाही.

या सिनेमात तर भूतच नव्हतं. दिग्दर्शक हळू बोलणारा, समोरच्याचा चहा संपेपर्यंत स्वतःचा न पिणारा माणूस. त्यानं मला गोष्ट सांगितली ती अशी. एका गरोदर बाईला अपघात होतो, मेंदू मरतो. डॉक्टर तिला व्हेंटिलेटरवर ठेवतो, मूल वाढावं म्हणून. तिची आई रोज येते. डॉक्टर रोज विचारतो, ठेवू ना? आई रोज म्हणते, ठेवा. दिवस भरतात, मूल होतं, मग यंत्र बंद करतात. संपलं. मी म्हटलं, यात घाबरायचं कुठे? तो नुसता हसला.

मापाला माणूस घरातच होतं. माझी मुलगी, ठमी. लहानपणी गोलमटोल होती, तेव्हा पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. दुसऱ्या वेळी ती कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि मी तिच्या पाठीशी बसून बटणं लावत होते, कारण बोलण्यासारखं काही सुचत नव्हतं. हे तिसरं. जावई बोटीवर नोकरीला, म्हणून सुरुवातीपासूनच ती माझ्याकडे येऊन राहिली. आता हे मूल नीट हातात येऊ दे, एवढंच एक मागणं घेऊन मी उठत होते आणि झोपत होते.

सिनेमाची तयारी चालू होती तशी ठमी वाढत होती. दर महिन्याला मी तिला शिलाई मशीनपाशी उभी करायची आणि टेप लावायची. तिचं पोट डावीकडे कललेलं होतं. मूल त्या अंगाला रेलून बसलेलं. मी ते तसंच उचललं. बेंबी बाहेर आली तेव्हा तीही उचलली. खरं पोट चेंडूसारखं गोल नसतंच, हे या धंद्यातल्या निम्म्या लोकांना कळत नाही. ठमी हसायची, म्हणायची, माझं बाळ घरात आधी येणार की पडद्यावर?

एकदा टेप कमरेभोवती असताना तिनं गोष्ट विचारली. मी सांगितली.

"आणि तिला कुणी विचारलं?"

"तिला काय विचारणार? ती मेलेली."

"आधीच विचारून ठेवायचं मग," ठमी म्हणाली.

मी तिला शुभ बोल म्हटलं आणि टेप गुंडाळला.

शूटिंग सुरू झालं तेव्हा ठमीचे दिवस भरत आले होते. सिनेमा कधी सरळ क्रमानं घेत नाहीत, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. नटीनं या भूमिकेसाठी अंग वाढवलं होतं, आणि शूटिंग चालू असतानाच ते उतरवायचं होतं. म्हणून सगळं उलटं ठरलं. आधी नववा महिना, बाळंतपण आणि यंत्र बंद करणं, मग सातवा, मग पाचवा, मग तिसरा, आणि शेवटी पोटाआधीची, खिडकीत बसून केस विंचरणारी सडपातळ बाई.

एका बंद पडलेल्या दवाखान्याचा मजला घेतला होता. व्हेंटिलेटर जुना होता पण चालायचा. दिग्दर्शकाला त्याचा खरा आवाज हवा होता. फस्स, मग जरा थांबणं, मग टक. नटीनं तो श्वास बरोबर उचलला होता. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत ती तशीच पडून राहायची. चहाच्या सुट्टीत मला म्हणायची, मावशी, सवय लागली हो, घरीसुद्धा मध्येच टक ऐकू येतं.

नवव्याचं काम झालं. पोट मी पेटीत ठेवलं आणि सातव्याचं काढलं.

सातव्याचं शूटिंग उरकून घरी गेले तर ठमी खिडकीत उभी. म्हणाली, आई, आज हलकं वाटतंय. शेवटी मूल खाली उतरतं, तेव्हा बाईला मोकळा श्वास घेता येतो, हे मला ठाऊक होतं. मी तिला तेच सांगितलं. पण तिचा गाऊन पुढून लोंबत होता. हाताला सवय असते, मी सहज टेप लावला. सातव्याचं माप आलं. मी जे शिवलं होतं तेच, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. बाळ छान आहे, ठोके छान आहेत, तारीख मोजण्यात चूक झाली असणार, म्हणाल्या. जुने रिपोर्ट बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि ते उलटे करून टेबलावर ठेवले. कुणाच्या तरी रिपोर्टशी अदलाबदल झालीय, म्हणाल्या. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. मी पटवून घेतलं.

मग सेटवर पाचव्याचं पोट बांधलं.

त्या संध्याकाळी ठमीच्या पायांची सूज पार उतरलेली होती. बोटातून काढून ठेवलेली अंगठी तिनं पुन्हा घातली होती आणि ती सैल होत होती. बाळ लाथा मारत होतं ते आता नुसतं फुरफुरतंय, म्हणाली. सकाळी तिला ओकारी झाली. सुरुवातीच्या महिन्यांत व्हायची तशीच, टूथपेस्टचा वास आला की. मी तिची पाठ चोळत उभी होते. तिनं तोंड पुसलं आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

"दुखत नाही, रक्त नाही. तरी हे जातंय, आई."

टेप लावायची हिंमत झाली नाही. लावायची गरजही नव्हती. पाचव्याचा तो आकार माझ्या हातांना पाठ होता.

मी मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिसऱ्याचं पोट टेबलावर होतं, दुसऱ्या दिवशी न्यायचं. हे उसवून टाकावं, असं मनात आलं. कात्री हातात घेतली, पातं पहिल्या टाक्याखाली घातलं. उसवल्यावर काय होईल? आणि समजा नेलं, तर तिसऱ्यानंतर ती खिडकीतली सडपातळ बाई. मी कात्री खाली ठेवली आणि पदरानं तोंड दाबून रडले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे रडतानाही मी स्वतःला बजावत होते. पण मूल ठमीचं होतं, आणि तिसऱ्यांदा ते जाताना बघायची ताकद माझ्यात नव्हती.

सकाळी तिसऱ्याचं पोट न घेताच मी सेटवर गेले आणि दिग्दर्शकाला खोटं सांगितलं. म्हटलं, नवव्याच्या पोटाची शिवण पुढून दिसतेय, माझ्या हातून चूक झाली, बाळंतपण पुन्हा घ्या. इतक्या वर्षांची अब्रू एका वाक्यात घालवली. त्यानं बाळंतपणाचं दृश्य लावलं आणि आम्ही दोघं वाकून बघायला लागलो.

शिवण होती.

पोटाच्या खालच्या अंगाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक बारीक आडवी रेघ. मी तिथे टाका घातलेला नव्हता. तिथे टाका घालायचं काही कारणच नव्हतं.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "तिसरा राहू दे, उद्या आधी बाळंतपण घेऊ. त्याला लागून जे आहे तेही पुन्हा घ्यावं लागेल, नाहीतर जुळणार नाही."

मी मान हलवली. मला उद्या बाळंतपण, एवढंच ऐकू आलं होतं.

घरी आले तर ठमी पडून होती, पोटावर हात ठेवून. सगळं ठीक होणार, म्हटलं. तिनं माझा चेहरा निरखला. मी तिच्याशी खोटं बोलले की तिला नेहमीच कळतं.

"काय करून आलीस, आई?"

"काही नाही. एक शिवण चुकली होती, ती नीट करायचीय."

त्या वेळी तिला सगळं सांगता आलं असतं. विचारताही आलं असतं. सबंध संध्याकाळ हाताशी होती. मी तिच्या पांघरुणाची टोकं खोचली आणि आत गेले.

सकाळी पेटी उघडून नवव्याचं पोट काढलं. कोमट होतं. पुढून हात फिरवला, रबर गुळगुळीत, रेघ कुठेच नाही. नटीला बांधलं तेव्हा ती म्हणाली, मावशी, आज वजन वाढवलंत का? मी हो म्हटलं.

ती आडवी झाली. डोळे उघडे, नजर छताला. फस्स. थांबणं. टक.

शॉट सुरू होतो न होतो तोच खिशातला फोन थरथरला. शेजारीण होती. ठमीचं पाणी गेलंय, दवाखान्यात घेऊन निघालेय, लगेच या. आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोट केवढं दिसतंय हो. काल तर एवढं नव्हतं."

मी रस्त्यात हसत होते. लोक बघत होते, बघू देत. उभ्या जन्मात मी इतकी धावले नसेन.

दवाखान्यात पोचले तेव्हा ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद होतं. बाळ आडवं आलंय, म्हणून पोट उघडून घ्यावं लागतंय, शेजारणीनं सांगितलं. मी बाकावर बसले. हातात टेप होता, तो मी गुंडाळत होते आणि सोडत होते.

दार उघडलं. नर्स बाहेर आली, घामेजलेली, हसरी.

"मोकळी झाली हो. मुलगी आहे."

नात माझ्या हातात दिली. चांगली वजनदार, पुऱ्या दिवसांची, मुठी आवळलेली. माझ्या डाव्या अंगाला रेलली. मला रडू आवरेना. सगळं मिळालं होतं मला.

तिला घेऊनच मी ठमीच्या खोलीत गेले.

ठमी उताणी होती. डोळे उघडे. मी हाक मारली. बाळ तिच्या गालाला लावलं. तिची नजर छतावरून हलली नाही.

डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, भूल उतरायला कधीकधी वेळ लागतो, काळजी करू नका, श्वास तर अगदी छान चाललाय.

श्वास छान चालला होता. छाती वर यायची. जरा थांबायची. खाली जायची. आणि खाली जाताना कुठेतरी बारीक आवाज व्हायचा.

टक.

मी पलंगाखाली बघितलं. पडद्यामागे बघितलं. खोलीत यंत्र नव्हतं.

फोन वाजला. नटी होती, खुशीत.

"मावशी, शिवण अजिबात नाही दिसली. पोट पेटीत ठेवलंय तुमच्या. आता एवढा यंत्र बंद करायचा शॉट झाला की आम्ही सुटलो."

मी म्हटलं, नको. त्यांना सांग, नको, आज नको.

"अहो, सोप्पा आहे," ती म्हणाली. "मला काहीच करायचं नाहीये. नुसतं थांबायचं."

मागे कुणीतरी शांतता म्हणून ओरडलं. ती कुजबुजली, "ठेवते हं."

ठमीची छाती वर आली. नातीला घट्ट धरून मी टक ऐकू यायची वाट बघत उभी राहिले.