आई नसलेला अल्बम

"माझ्या आईला कुणीतरी पुसून टाकलंय."

खुर्चीत बसायच्या आधीच ती मुलगी हे बोलली. लंबूच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

लंबू हा आक्काचा धाकटा भाऊ. उंची दाराएवढी, डोकं मात्र आक्काच्या भाषेत 'उशिरा पोचणारी गाडी'. आक्का आधी विमा कंपनीत खोटे दावे पकडायची. साहेबांशी वाजलं, तिनं नोकरी सोडली आणि स्वतःचं तपासाचं ऑफिस थाटलं. दोन टेबलं, एक खिडकी, आणि गाडी चालवायला लंबू.

"पुसून म्हणजे?" आक्कानं विचारलं.

मुलीनं फोन पुढे केला. तिच्या लग्नाचा ऑनलाइन अल्बम होता. फोटो झकास होते. हसणारी माणसं, फुलं, दिवे.

"लग्न झालं आणि मी नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात गेले. नवं घर, नवी नोकरी. फोटो बघायला सवडच काढली नाही. आईचं मात्र फोनवर रोज तेच. 'फोटो बघितलेस का गं?' मी आपली, 'रविवारी बघते.' मग एक दिवस तिनं विचारणं सोडलं. उलट म्हणाली, 'आता बघ निवांत, कधीही.' त्यानंतर लगेचच तिचा आजार कळला. कळला तेव्हा हातात काही उरलंच नव्हतं." ती थांबली. "आई गेल्यावर मी अल्बम पहिल्यांदा उघडला. आणि त्यात आईच नाही."

"एकही फोटो नाही?"

"चेहरा असलेला एकही नाही. हा एवढा राहिलाय."

फोटोत एक पाठमोरी बाई नवरीच्या ड्रेसची मागची बटणं लावत होती. बाकी काही कळत नव्हतं.

"एरवी ती फोटो काढूच द्यायची नाही. 'माझा कसला फोटो' म्हणायची. त्या दिवशीचे काय ते होते. फोटोवाला म्हणतो, उडाले. त्याच्याकडची मूळ फोटोंची डिस्क पडून बंद झालीय. आक्का, मला चोर नकोय. मला माझी आई हवीय."

"आई नसलेले आणखी कुणाचे गेलेत का?"

"मावशीचे. आईची धाकटी बहीण. पण सगळे नाहीत, थोडेच."

"थोडेच," आक्का म्हणाली आणि उठली. "लंबू, गाडी काढ."

गाडीत लंबूनं केस सोडवून टाकली. "मावशीच. आपल्यावर संशय नको म्हणून स्वतःचेही थोडे उडवले."

"तू समोर बघून गाडी चालव."

मुलीचे वडील स्वयंपाकघरात एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होते. आधीच लखलखत होतं.

"अल्बम मला उघडता येत नाही हो. ते तिला जमायचं. पलीकडच्या खोलीतल्या त्या खिडकीत उजेडाला बसायची. डोळ्यांवर चष्मा, हातात फोन. मधेच मान डावीकडे, मधेच उजवीकडे. मी म्हटलं, मानेचा व्यायाम चाललाय वाटतं. तर नुसती हसली. औषधं घ्यायची आठवण केली की म्हणायची, तुम्ही आधी तुमची घ्या."

चष्मा अजून खिडकीतच होता, काड्या दुमडलेला. त्यावरची धूळही कुणी पुसली नव्हती.

"तुमचं दोघांचं कधी भांडण?" लंबूनं डिटेक्टिव्हसारखं विचारलं.

"भांडण? मुलीच्या लग्नाला नव्या चपला घे म्हटलं, तर नाही. त्याच झिजलेल्या चपला घालून उभी राहिली. म्हणे, यांना माझे पाय माहीत आहेत. हे आमचं सगळ्यात मोठं भांडण." त्यांनी नळ सोडला आणि पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

मावशीचं शिवणाचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. केस बारीक कापलेले, लालसर रंगवलेले. बोलणं कात्रीसारखं.

"तुम्हाला मी चोर वाटते ना? वाटणारच. आमचं दोघींचं पटत नव्हतं, सगळ्या नात्यात माहीत आहे. अहो, लहानपणापासून लोक मला तिच्याच नावानं हाक मारायचे. मास्तर मार द्यायचे तोसुद्धा तिच्या खोड्यांचा! शेवटी केस कापले, रंगवले. म्हटलं, निदान मागून तरी मी मी दिसेन."

"तुमचे कुठले फोटो गेलेत?"

"सकाळचे. पोरीची बाही उसवली होती. माझा चष्मा घरी राहिला, म्हणून बहिणीचा लावला आणि टाके घातले. फोटोवाला कडमडला तिथं. ते सगळे गेले. संध्याकाळचे जसेच्या तसे आहेत."

"संध्याकाळी चष्मा नव्हता?"

"घरून मागवला ना माझा. तिचा माझ्या नाकावर बसत नाही."

आक्कानं विचारलं, "बहीण त्या दिवशी कशी होती?"

मावशीनं मशीनवरचं कापड उगाच सरळ केलं. "सारखी खुर्ची शोधत होती. विचारलं तर म्हणे, नवी चप्पल चावतेय. मी म्हटलं, मिरवायला पाहिजे मग चावणारच. असं बोलले मी. त्यानंतर आम्ही धड बोललोच नाही."

सुई तिच्या बोटात शिरली होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

फोटोवाल्याच्या स्टुडिओत तो आणि त्याची बायको दोघंही होते, आणि दोघांचं आधीच जुंपलेलं होतं.

"मी सांगत होते," बायको म्हणाली, "साधं फोल्डर पाठवा. लोक उतरवून घेतील, विषय संपेल."

"फोल्डर! लग्नाचे फोटो आहेत ते, किराणा नाही." तो आक्काकडे वळला. "आम्ही तीन साइट बघितल्या. एकीवर नुसती फोल्डरं, काही शोभाच नाही. दुसरी दिसायला देखणी, पण पाहुणे पासवर्ड विसरतात आणि दिवसभर मला फोन. तिसरी ही. सेल्फी काढायचा, की साइट तुमचा चेहरा ओळखून अख्ख्या अल्बममधले तुमचे फोटो समोर ठेवते. गिऱ्हाईक खूश."

"दुसऱ्याचा छापलेला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला तर?"

"चालत नाही, म्हणून तर ही घेतली. हे बघा." त्यानं फोन तोंडासमोर धरला, डोळे मिचकावले, मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. "जिवंत माणूसच लागतो."

लगेच त्याचे स्वतःचे फोटो पडद्यावर उमटले. खाली दोन बटणं होती. एक 'उतरवा', दुसरं 'माझे फोटो लपवा'.

"हे दुसरं कशाला?"

"कुणाला आपले फोटो चारचौघांत नको असतात. पण लपवलेले निदान मालकाला तर दिसणारच ना! मला त्या बाईंचे दिसत नाहीत, म्हणजे उडवलेच कुणीतरी."

"मालकाला दिसतात असं कुठं लिहिलंय?" बायकोनं विचारलं.

"असणारच."

"वाचलं नाहीत ना? न वाचताच घेतली ना साइट?"

लंबू आक्काच्या कानाशी वाकला. "हिनंच केलं. स्वतःचं खरं करायला."

तेवढं बायकोला ऐकू गेलं. "दादा, मला तसं करायचं असतं, तर मी यांचेच फोटो उडवले असते."

आक्का पडद्याचा कोपरा बघत होती. साइटवरची किती जागा भरलीय ते दाखवणारी तिथं एक पट्टी होती. "फोटो गेल्यावर ही पट्टी कमी झाली का?"

फोटोवाल्यानं डोळे बारीक केले. "नाही. होती तेवढीच आहे."

"चला तर," आक्का म्हणाली. "उद्या सगळे मुलीच्या माहेरी या. तोवर मला त्या साइटवाल्यांना एक प्रश्न विचारायचाय."

दुसऱ्या दिवशी सगळे त्या खिडकीच्या खोलीत जमले. वडील पलंगाच्या कडेवर बसले होते, मावशी दाराशी उभी. मुलगी जमिनीवर. फोटोवाला आणि त्याची बायको पहिल्यांदाच गप्प होते.

"फोटो उडालेले नाहीत," आक्का म्हणाली. "उडाले असते तर पट्टी कमी झाली असती. ते लपवलेत."

मुलीनं मान वर केली.

"आता कोणी? हातानं एकेक वेचून लपवले असते, तर पाठमोरा फोटोही गेला असता. आई कोण ते घरच्यांना पाठीवरूनही कळतं. यंत्राला चेहराच लागतो. म्हणजे कुणीतरी यंत्राला चेहरा दाखवला. प्रश्न एवढाच, कुणाचा?"

"माझा," मावशी तडकली. "म्हणा ना. सगळ्यांच्या मनात तेच आहे."

"तुमचा असता, तर तुमचे सगळे फोटो गेले असते. तुमचे फक्त सकाळचे गेले, बहिणीचा चष्मा लावलेले. यंत्र फसलं. तुमच्या मास्तरांसारखंच. आणि जिचा एकही राहिला नाही, चेहरा तिचाच होता."

मावशी दारातून दोन पावलं आत आली.

"छापलेला फोटो तिथं चालत नाही. डोळे मिचकवावे लागतात, मान डावी-उजवी करावी लागते." आक्का वडिलांकडे वळली. "काका, तो मानेचा व्यायाम नव्हता."

वडिलांनी खिडकीकडे बघितलं. बराच वेळ बघतच राहिले.

"आईनं?" मुलगी म्हणाली. "स्वतःच? पण का?"

"तुझी आई मावशीला म्हणाली, नवी चप्पल चावतेय. काका म्हणतात, चपला जुन्याच होत्या. जुनी चप्पल चावत नाही गं. तिला दुखत होतं. आणि का दुखतंय तेही तिला लग्नाच्या आधीपासून माहीत असणार. नाहीतर इतकी तयार थाप कोण मारतं? हा फोटोवाला न सांगता फोटो काढतो. तुमच्यासमोर ती हसत होती, पण कुणी बघत नसताना काय होत होतं ते त्यानं टिपलं. अल्बम आला तेव्हा तिनं ते बघितलं. तू बघितलंस का, म्हणून रोज विचारत राहिली. तुला घाई करत नव्हती ती. तू अजून बघितलं नाहीस ना, याची खात्री करत होती."

"आता बघ निवांत," मुलगी पुटपुटली.

"लपवून झाल्यावरचं वाक्य आहे ते. तिला थोडेच लपवायचे असतील. पण ते बटण एकेक फोटो विचारत नाही. सगळे, नाहीतर एकही नाही. तिनं सगळे दिले."

फोटोवाल्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. फोटोवाला जमिनीकडे बघत होता.

"मग उघडा ना!" मुलगी म्हणाली. "आहेत ना आत? उघडा!"

आक्काचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "साइटवाल्यांचं उत्तर आलंय. ज्या चेहऱ्यानं लपवले, त्याच चेहऱ्यानं उघडतात. मालकालाही नाही, कुणालाच नाही."

मुलीनं गुडघ्यांत डोकं घातलं. वडील तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, काल पातेल्यावर फिरत होता तसाच.

लंबूला काहीच करता येत नव्हतं. कुणाकडे बघवेना म्हणून तो खिडकीकडे बघायला लागला, आणि बघता बघता म्हणाला, "चष्मा."

सगळे वळले.

"नाही, म्हणजे... यंत्र एकदा फसलंय ना."

आक्कानं भावाकडे बघितलं. "गाडी पोचली," ती हळूच म्हणाली.

वडिलांनी चष्मा उचलला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि मावशीपुढे धरला. मावशी हात पुढे करेना.

"जन्मभर मी तिच्यासारखी दिसू नये म्हणून धडपडले," ती म्हणाली.

"थांबा," आक्का मावशीला म्हणाली आणि मुलीकडे वळली. "आधी तू ठरव. तिनं हे तुझ्यासाठीच झाकलंय. बघायचंय तुला?"

मुलीनं चष्म्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तिला झाकायची सवय होती आणि मला न बघायची. एकीची तरी मोडू दे."

मावशीनं चष्मा लावला. नाकावर नीट बसेना, तिनं बोटानं वर ढकलला. वडिलांनी एकदम तोंड फिरवलं.

पहिल्यांदा यंत्र म्हणालं, चेहरा स्पष्ट नाही. मावशी रडत होती. मुलीनं आपल्या ओढणीनं तिचे गाल पुसले. मावशीनं पुन्हा फोनकडे बघितलं. डोळे मिचकावले. मान डावीकडे. मान उजवीकडे.

आणि आई आली. एकामागून एक. हसणारी, कुणाला तरी हाक मारणारी, नवऱ्याची कॉलर नीट करणारी. मुलगी बोटानं पुढे सरकवत होती, मधेच हसतही होती. मग तिचं बोट थांबलं.

त्या फोटोत ती स्वतः मैत्रिणींच्या घोळक्यात होती, मान मागे टाकून हसत. तिच्या अगदी मागे आई वाकली होती. एक हात खुर्चीच्या पाठीवर, एक पोटाशी घट्ट, डोळे मिटलेले. नवरीचं कोपर आईच्या खांद्याला टेकलेलं होतं.

"एवढी जवळ होते मी," मुलगी म्हणाली.

तिनं तो फोटो पुढे सरकवला नाही. लंबूला कळलं, आईनं नुसतं दुखणं लपवलं नव्हतं. मुलीचं हे कोपर लपवलं होतं.

मावशी तिच्या शेजारी बसली. डोळे पुसायला तिनं चष्म्याच्या काडीला हात लावला.

मुलीनं तिचा हात धरला. "मावशी, एवढ्यात काढू नकोस ना."