आत्ताच तर गेलाव, सर

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो. घर नांदेडला, तरोडा नाक्याजवळच्या एका गल्लीत. तिथं माझी आई पारूबाई आणि बायको प्रियदर्शनी राहतात. प्रियदर्शनी खाजगी दवाखान्यात नर्स आहे. तिला नोकरी सोडवत नाही आणि आईला लातूर मानवत नाही. त्यामुळं शनिवारी दुपारी क्लास सुटला की मी नांदेडला जायचं आणि सोमवारी पहाटे परत निघायचं, असं आमचं ठरून गेलं होतं. वर्षानुवर्षं हा प्रवास मी एसटीनं केला. अहमदपूरच्या स्टँडवर बस उगीच उभी राहायची आणि मी खिडकीतून सरळ निघून जाणारे मोटरसायकलवाले बघत बसायचो.

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मी प्रियदर्शनीला फोनवर फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"अहो, ही केवढी आहे! स्कूटर घ्या की. आईंनाही बसता येईल."

"स्कूटरवर लातूर-नांदेड केलं तर कंबर राहील का?"

"मग करा तुमच्या मनाचं. पण हळू चालवायची."

गाडी चारशे सीसीची होती, दुकानात जिला नेकेड म्हणतात तसली. वारा अडवायला पुढं काच नाही, बाजूला प्लास्टिकचं आवरण नाही. इंजिन, नळ्या, सांगाडा सगळं उघडं. रंग करडा. ताकदीच्या मानानं स्वस्त. तिच्याबद्दल जे जे वाचता येईल ते मी वाचलं होतं, ब्रेक कुठं कमी पडतात तेसुद्धा. तरी चालवून बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही, असं ठरवूनच मी शोरूमला गेलो.

शोरूममधल्या मन्मथनं चावी दिली. "पुढच्या चौकातून वळून या, सर. गरम होईल थोडी, पण वढ बघा तिची."

ओढ खरंच होती. दुसऱ्या गिअरमध्येच हँडलमधून एक थरथर दंडापर्यंत चढली. चौकातून वळून मी परत आलो, गाडी दारात लावली आणि आत गेलो. मन्मथ टेबलाशी उभा होता. माझ्याकडं बघून गोंधळला.

"पुन्हा चक्कर मारली व्हय, सर?"

"पुन्हा कुठं? आत्ता तर येतोय."

"आत्ताच तर चावी दिलाव माझ्या हातात. म्हणलाव, हीच घ्यायची. आन् पाणी प्यायला आत गेलाव." असं म्हणत त्यानं मूठ उघडली. मूठ रिकामी होती. चावी माझ्या हातात होती. तो स्वतःच्या तळहाताकडं जरा वेळ बघत राहिला आणि मग हसला. "उन्हानं झालं असंल."

मीही हसलो. आणि गाडीबद्दल अजून काहीच ठरवलेलं नसताना म्हणालो, "हीच घ्यायची."

पहिल्या शनिवारी निघालो तेव्हा मी लहान मुलासारखा खूश होतो. आष्टामोड, चाकूर, दोन्ही बाजूंना हरभरा काढून मोकळी झालेली रानं, गुडघ्यांना लागणारी टाकीची ऊब. शिरूर ताजबंदला सरजाबाईच्या टपरीवर थांबलो. एसटीनं यायचो तेव्हाही चहा तिचाच असायचा. ती मला बघून उभी राहिली.

"आत्ताच तर गेलाव, सर. काय इसरलं व्हय?"

"मी? मी आत्ता येतोय, बाई."

"असं कसं? ही काय गाडी. हितंच लावली होती." तिनं बाकड्याकडं बोट केलं. बाकड्यावर एक पेला होता. बिस्कीट बुडवून प्यायल्यावर तळाला चुरा राहतो म्हणून मी चहाचा शेवटचा घोट तसाच सोडून देतो. पेल्यात तेवढाच घोट होता, आणि चुरा. पेल्याला हात लावला तर कोमट.

गाडी बाजारात नवी आली होती. लातुरात आणखी कुणी तीच घेतली असेल, माझ्यासारखंच काळं जॅकेट घातलं असेल. हेल्मेटमध्ये सगळी माणसं सारखी दिसतात. चुरा तर कुणाच्याही चहात राहतो. मी दुसरा चहा पिऊन निघालो.

पण मग माळाकोळीच्या पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, "सर, टाकी आत्ताच फुल केली ना?" झाकण उघडून बघितलं तर टाकी अर्धी होती. लोह्यात हवा भरणाऱ्यानं मला बघून नुसताच हात हलवला, मघाशी बोलणं झालेल्या माणसाला हलवतात तसा. पुढच्या शनिवारी हेच. त्याच्या पुढच्या शनिवारी हेच.

मी शिकवतो त्या विषयात आधी मोजायचं आणि मग बोलायचं असतं. म्हणून मी वेग बदलून बघितला. भरधाव गेलो तरी लोक म्हणायचे, आत्ताच गेलात. रमतगमत गेलो तरी आत्ताच. एकदा मुद्दाम अहमदपूरला एका हॉटेलात ऊन उतरेपर्यंत बसून राहिलो. लोह्याला पोचलो तर हवावाल्यानं विचारलं, "परत कसे फिरलात?" मधलं अंतर कधी वाढलं नाही आणि कमीही झालं नाही.

घरी मात्र असं कधी झालं नाही. मी बेल वाजवायचो, आई दार उघडायची, मी आत जायचो. "आत्ताच तर आलास" असं तिथं कुणी म्हणायचं नाही. गोदावरीचा पूल ओलांडला की माझा जीव भांड्यात पडायचा. मी त्या दोघींना काहीच सांगितलं नव्हतं. प्रियदर्शनीला सांगितलं असतं तर तिनं गाडी विकायला लावली असती, आणि आई इस्लापूरकडची, रानातल्या गावात वाढलेली. तिनं काय काय मनात आणलं असतं कुणास ठाऊक.

एका सोमवारी सकाळी क्लासवर पोचलो आणि वर्गात पाऊल टाकताच मुलं गप्प झाली. फळा भरलेला होता. मी त्या दिवशी घेणार होतो तेच प्रकरण, माझ्याच अक्षरात, माझ्याच सवयीनं उत्तराला दुहेरी चौकट करून. पहिल्या बाकावरच्या पुनमनं हळूच विचारलं, "सर, काही राहिलं का?"

"हे कुणी लिहिलं?"

तिनं शेजारणीकडं बघितलं. "तुम्हीच सर. आत्ता. लई भारी समजलं आज."

मी फळ्याकडं बघत राहिलो. मांडणी सुरेख होती. दरवर्षी ज्या पायरीला मी अडखळतो ती तिथं अलगद ओलांडली होती. भीती वाटायच्या आधी मला हेवा वाटला, हे आठवतं.

त्याच दिवशी मी शोरूमला गेलो आणि गाडी विकायची आहे म्हणालो. मन्मथचा चेहरा पडला.

"सर, काल संध्याकाळी तर येऊन सांगितलाव की राहू द्या, इकायची न्हाई. मी गिऱ्हाईक परत लावलं."

काल संध्याकाळी मी नांदेडात होतो, आईच्या गुडघ्याला शेक देत. आणि विकायचं तर मी सकाळी फळा बघून ठरवलं होतं.

मग मी गाडी लातूरच्या भाड्याच्या खोलीवर ठेवून एसटीनं जायला लागलो. सरजाबाईनं साधा चहा दिला, काही बोलली नाही. वाटलं, सुटलो. पण परत आल्यावर घरमालक सिद्धरामअप्पा जिन्यात भेटले. "सर, एक सांगू का? शनिवारी गाडी जरा दमानं काढत जावा. गल्लीत लेकरं खेळत्यात."

मी खाली जाऊन बघितलं. गाडी होती तिथंच होती. पुढच्या मडगार्डवर ओली माती होती, आणि लातुरात कित्येक महिन्यांत थेंब पडला नव्हता. झोप उडाली ती त्या दिवसापासून. शिकवताना हात फळ्यावर थांबायचा; वाटायचं, हे वाक्य माझ्या आधी कुणी इथं बोलून गेलंय का? जेवताना वाटायचं, ही चव आधी कुणी घेतलीय. बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. शेवटी ठरवलं की त्याला गाठायचं. एकदा पुढं जायचं.

त्या शनिवारी बाजारातून आईच्या गुडघ्यासाठी तेल घेतलं आणि भर दुपारी निघालो. रस्ता पांढरा पडला होता. चाकूर सोडलं आणि तो दिसला.

करडी गाडी. काळं जॅकेट. डावा खांदा जरासा खाली. माझा तसा असतो, प्रियदर्शनी नेहमी टोकते. उसाच्या ट्रकामागून तो निघाला आणि सरळ लागला. मी अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळला. त्याच्यातलं नि माझ्यातलं अंतर तेवढंच राहिलं. आणखी पिळला. हँडल थरथरायला लागलं, वारा छातीवर बुक्क्या मारायला लागला. तेवढंच. त्यानं एकदाही मागं बघितलं नाही.

मग शिरूर ताजबंद आलं, आणि तो थांबला.

थांबणारच होता. मी तिथं थांबतोच. सरजाबाईच्या टपरीपुढं गाडी लावून तो बाकड्यावर बसला होता, रस्त्याकडं पाठ करून. हेल्मेट शेजारी. मानेवरचे केस घामानं चिकटलेले. सरजाबाई त्याला पेला देत होती. मी ब्रेक दाबला असता तर त्याचा चेहरा दिसला असता. इतके दिवस मला तेवढंच तर हवं होतं.

मी थांबलो नाही.

अहमदपूर गेलं. आरसा रिकामा होता. माळाकोळीच्या पंपावर मी गाडी घातली. तो माणूस जवळ आला, माझ्याकडं बघून नेहमीसारखा हसला. "या सर. भरू का?"

बाकी काही नाही. फक्त "भरू का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी "फुल" म्हणालो आणि तोंड फिरवलं. लोह्यात हवावाला मला बघून जागचा उठला, "लई दिसांनी, सर!" म्हणाला. विष्णुपुरीच्या उतारावर धरणाचं पाणी दिसलं तेव्हा मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं हसत होतो.

गल्लीत ऊन अजून होतं. गाडी दाराशी लावली, तेलाची पिशवी घेतली, बेल वाजवली.

आत टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

मी थांबलो. परत बेल वाजवली. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दाराखालच्या फटीत सावली दिसत होती.

"आई, मी आहे. अश्वजित."

 मग प्रियदर्शनीचा आवाज आला, अगदी दबका, दाराच्या पलीकडून. "आई, आज तर आवाज अगदी ह्यांच्यासारखा आहे हो."

"दर शनवारी तसाच ऱ्हातो," आई म्हणाली. "उघडू नको. जे पयलं येतंय ते आपलं नव्हं. आपला मागून येऊन ऱ्हायला असंल. थांब जरा."

 मी दारावर थाप मारली. "आई, काय बोलतेस? मी आलोय. तुझ्या गुडघ्याचं तेल आणलंय."

"ह्ये बी दर बारीला म्हणतंय," आई आत म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. दारात आलेल्या परक्या जनावराबद्दल बोलतात तसा आवाज होता, थोडी दयाही असलेला.

"प्रिया, खिडकीतून तरी बघ. मी आज पुढं आलो. पहिल्यांदाच पुढं आलो."

सावली हलली नाही.

माझ्या गाडीचं इंजिन थंड होत टिकटिकत होतं. त्या आवाजामागून दुसरा आवाज आला. कोपऱ्यावर गिअर उतरवला गेला, दुसऱ्यातून पहिल्यात, मी उतरवतो तसा जरा उशिरा. गाडी गल्लीत वळली. माझ्या गाडीला चिकटून थांबली. साईड स्टँड फरशीवर वाजला.

आत कडी हलली. "बघ, आला," आई म्हणाली.

पावलं माझ्या मागं येऊन थांबली. दमलेल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या पिशवीत तेलाची बाटली किणकिणली.

दाराची पायरी अरुंद आहे. मी बाजूला सरकलो आणि त्याला वाट दिली.