शेजाऱ्याची बोहनी

सल्त गावातल्या हम्माम गल्लीत उतरणाऱ्या पायऱ्या मोजत उतरायचं रुबाने ठरवलं होतं, पण चाळिसाव्या पायरीवर पाऊस भुरभुरायला लागला आणि मोजणी चुकली. ती आधीच चिडलेली होती, त्यात ही भर.

चिडायला कारणही तसंच होतं. मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी तिने फोनवरून ड्रेस मागवला होता. फोटोत तो झैतूनच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, पानांसारखा हिरवा दिसत होता. घरी आला तो शेवाळी, आणि एका मनगटावरचं बटण गायब! परत पाठवायचा तर चौदा दिवस, आणि साखरपुडा चार दिवसांवर. बरं, तक्रार करायची कुणाकडे? अम्मानच्या त्याच कंपनीच्या तक्रार विभागात ती स्वतः नोकरीला होती. घरी बसून, कानाला हेडफोन लावून, दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि गोड आवाजात म्हणायचं, "आपली गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत." स्वतःची तक्रार नोंदवली असती, तर ती फिरून तिच्याच कानात आली असती.

म्हणून बाजार. चार वर्षांत तिने इथे पाऊल टाकलं नव्हतं.

बटणं, लेस आणि दोऱ्यांच्या एका चिंचोळ्या दुकानात ती शिरली. गळ्यात मोजपट्टी अडकवलेला तिशीतला एक तरुण रिळं रचत होता. कुसै त्याचं नाव, पण ते तिला नंतर कळलं. तिने पिशवीतून ड्रेसची बाही काढून पुढे धरली. त्याने उरलेल्या बटणावरून अंगठा फिरवला, छताकडे बघत क्षणभर विचार केला, आणि मागे न वळताच तिसरा खण ओढला.

"मिळालं," तो म्हणाला.

"द्या मग."

त्याने मूठ मिटली. "देता येणार नाही."

"का?"

"माझी बोहनी झालीय. सकाळीच एका बाईंनी दोन मीटर लेस नेली. समोरच्या अबू फवाज काकांची अजून व्हायचीय. हेच बटण त्यांच्याकडेही आहे. तिकडे घ्या."

रुबा त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे... दारात आलेलं गिऱ्हाईक तुम्ही समोर पाठवता?"

"इथे सगळेच पाठवतात. तुम्ही गावात नव्या दिसता."

"मी याच गावात जन्मले!"

"हो? मग चूक तुमचीच आहे," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली. ती बघायला आपण इथे आलेलो नाही, असं रुबाने स्वतःला बजावलं.

"आमच्या कंपनीत कुणी असं केलं, तर संध्याकाळपर्यंत नोकरी जाईल."

"तुमच्या कंपनीला शेजारी नसतील."

रुबाने बाही पिशवीत कोंबली. ती तरातरा समोर गेली.

अबू फवाज सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी आधी तिला स्टुलावर बसवलं, मग मरमियाची सुवासिक पानं घातलेला चहा हातात दिला, मग तिच्या आजोबांची चौकशी केली, आणि या सगळ्यानंतर कुठे बटणांचा डबा काढला. एक बटण त्यांनी खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे हिरवं ना, पोरी?"

"काका... ते लाल आहे."

"असं का? बरं, मग हे?"

तेवढ्यात गल्ली ओलांडून कुसै आला. जाताना दारात आडवी खुर्ची टाकली की दुकान कुणी बघायला लागत नाही, ही हम्माम गल्लीची रीत. त्याने डब्यात हात घातला आणि नेमकं बटण काढून काकांच्या तळहातावर ठेवलं. काकांनी ते रुबाला दिलं, तिने दिलेलं नाणं ओठांना आणि मग कपाळाला लावलं, आणि कुसै भिंतीला टेकून असा उभा राहिला की जणू यात त्याचा काही संबंधच नाही.

बटण शिवून झालं. साखरपुडा झाला. ड्रेसचं कौतुकही झालं. विषय तिथेच संपायला हवा होता.

पण पुढच्याच आठवड्यात रुबाला दोरा हवासा वाटला. मग लेस. मग अगदीच गरजेची म्हणून नऊ निळी बटणं. नऊच का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दर वेळी कुसै म्हणायचा, बोहनी झालीय, दर वेळी तो तिला समोर पाठवायचा, आणि दर वेळी पाच मिनिटांत खुर्ची आडवी टाकून मागोमाग यायचा. काका चहा करायचे. ती दोघं डब्यात बटणं शोधायची, आणि कधी कधी दोघांची बोटं एकाच बटणावर जायची. मग दोघंही ते सोडून द्यायचे.

"काल एका बाईंचा फोन आला," ती सांगायची. "बूट मागवले, आले ते दोन्ही डाव्या पायाचे."

"मग तू काय म्हणालीस?" तुम्हीचं तू कधी झालं, ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"काय म्हणणार! आपली गैरसोय झाली..."

"...त्याबद्दल दिलगीर आहोत," तो गंभीर चेहऱ्याने वाक्य पुरं करायचा, आणि काकांना ठसका लागायचा.

"चिडवू नकोस हं. तुझ्या दुकानात कधी चूक होत नाही?"

"होते की. पण इथे माणूस समोर उभा असतो. तोंड लपवायला जागा नाही."

घरी जाताना पायऱ्या चढून दम लागायचा, तरी रुबा गुणगुणत असायची. आईच्या नजरेतून ते सुटत नव्हतं. खिडकीतली काचेची बरणी बटणांनी गळ्यापर्यंत भरली होती.

"एवढी बटणं लावणार कुठे आहेस?" एकदा आईने विचारलंच.

"असू देत गं. लागतात."

"कुणाला?"

रुबा कामाला लागली. हेडफोन अशा वेळी फार उपयोगी पडतो.

आणि मग कुवेतचं स्थळ आलं. मुलगा मूळचा इथलाच, तिकडे इंजिनियर. आईने फोनवर फोटो दाखवला. चांगला होता, अगदी हसरा. त्यात वाईट असं काही नव्हतं, आणि तीच तर अडचण होती. समोरच्या घरातली मैत्रीण हाला फोटो बघून म्हणाली, "तुला नको असेल तर इकडे पाठव बाई. मला कुवेत चालतं, मला उन्हाचंही काही नाही!"

"आई," रुबा म्हणाली, "फोटोवरून मागवलेलं काय येतं, ते मी रोज आठ तास ऐकते."

"मग तूच आण की बाजारात जाऊन, हात लावून, पारखून!" आई कडाडली. मग तिचा आवाज उतरला. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द तिचा होता, आणि तो शब्द वापरायची तिला हौस नव्हती. "हे बघ रुबा, गुरुवारी ती माणसं येणार. तुझ्या मनात दुसरं काही असेल तर त्याच्या आत सांग. दारात आलेल्या माणसांना मी तोंडघशी पाडणार नाही."

मनात काय आहे ते रुबाला पक्कं ठाऊक होतं. प्रश्न त्याच्या मनाचा होता. दोन महिन्यांत त्याने एक साधं बटणसुद्धा स्वतःच्या हाताने तिला विकलं नव्हतं. म्हाताऱ्या शेजाऱ्यासाठी जीव टाकणारा भला माणूस, आणि आपण त्या शेजाऱ्याचं गिऱ्हाईक. एवढंच असेल तर? आपल्याला हसून समोर पाठवायची त्याला सवयच झाली असेल तर? 

सोमवारी ती सकाळी सातलाच खाली उतरली. आज आपणच त्याची बोहनी करायची आणि त्याच दमात विचारायचं, असा बेत होता. कुसै शटर वर करत होता. तिला बघून त्याचा हात मध्येच थांबला.

"तू... इतक्या लवकर?"

"मला एक..." ती म्हणाली, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरचा शिंपी धावतपळत आला, दोन रिळं उचलली, नाणी गल्ल्यावर टाकली आणि गेलासुद्धा.

"बोहनी झाली," कुसै म्हणाला. हे वाक्य बोलताना त्याचा चेहरा पहिल्यांदाच पडला होता. पण रुबा खाली बघत होती, तिला तो दिसला नाही.

"राहू दे. काही घाई नव्हती," ती म्हणाली आणि आल्या पावली परतली.

मंगळवारी दुपारी हाताशी काम नसताना तिने त्याच्या दुकानाचं नाव फोनवर शोधलं. खरंच पान होतं! लग्न होऊन जायच्या आधी त्याच्या बहिणीने बनवून ठेवलेलं. दोनच फोटो, त्यातला एक तिरपा. खाली ऑर्डरची जागा आणि 'काही विशेष सूचना?' असा रकाना. समोर उभं राहून जे ओठांवर आलं नाही, ते बोटांनी भराभर टाइप केलं.

'एक बटण. पांढरं, चार भोकांचं. गुरुवारी मला बघायला पाहुणे येताहेत. तुझ्याकडे माझ्यासाठी काही आहे, की याही वेळी समोर जाऊ?'

दाबलं. पडद्यावर आलं, 'आपली ऑर्डर मिळाली आहे. धन्यवाद.' त्यापुढे काहीच नाही. तासाभराने नाही, संध्याकाळीही नाही. माझं सामान कुठवर आलं, म्हणून दहा-दहा वेळा फोन करणाऱ्या बायकांचा रुबाला आजवर कंटाळा यायचा. त्या दिवशी तिने मनोमन सगळ्यांची माफी मागितली.

बुधवारी सकाळी तिला राहवेना. ती पायऱ्या उतरली. कुसैचं शटर बंद होतं, आणि त्यापुढे आडवी खुर्ची.

 ती समोर धावली. "काका, कुसै कुठे आहे?"

"बस, पोरी. चहा घे."

"काका, चहा नको!"

"मग उभ्याने ऐक." अबू फवाज मजेत होते. "पहाटे नमाजाहून येतो, तर हा माझ्या दारात. फोन घेऊन. ते पान तो महिन्यातून एकदा उघडतो, आज कसं उघडलं अल्लाला माहीत. मला कुठे दिसतंय, त्यानेच वाचून दाखवलं. तीनदा! मग विचारतो, 'काका, फोनवर आलेली ऑर्डर बोहनी धरायची का?'"

"...मग?"

"म्हटलं, अजिबात धरायची नाही. बोहनी समोरासमोर होते, या हातातून त्या हातात. जा, आईला सोबत घे आणि जाऊन दार वाजव."

"कुणाचं दार?"

"अगं, डोळे माझे गेलेत. तुझे तर शाबूत आहेत ना?"

रुबाला आता स्टुलाची गरज लागली. ती बसली.

"पण... तो तर मला नेहमी इकडे पाठवायचा," ती पुटपुटली.

"पाठवणारच. त्याच्याकडे बटण घेतलं असतंस तर पाच मिनिटांत घरी. माझ्याकडे अर्धा तास मोडतो." काका खुदकन हसले. "आणि ऐक, मी सांगितलं म्हणू नकोस. चार-पाच वेळा तर त्याची बोहनी झालेलीच नव्हती. खोटं बोलला मेला. मग पहिलंच गिऱ्हाईक घालवलं म्हणून माझ्या दुकानात बसून दुपारपर्यंत स्वतःच्या नशिबाला शिव्या द्यायचा."

दोन महिन्यांचं ओझं एका क्षणात उतरलं. रुबाला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. काकांचा हात तिने कपाळाला लावला आणि ती धावत सुटली. पायऱ्या किती होत्या कुणास ठाऊक, त्या दिवशी त्या निम्म्याच झाल्या.

कुसै आणि त्याची आई गाडीच्या रस्त्याने वळसा घालून आली होती, म्हणून वाटेत भेटली नव्हती. बैठकीत कुसैची आई ताठ बसली होती. तिच्यापुढे कॉफीचं फिंजान होतं, बिनकानाची छोटी वाटीच, अजून तशीच भरलेली. मागणी मान्य होईपर्यंत ते उचलायचं नसतं. शेजारी कुसै, नवा शर्ट, दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण. रुबा धापा टाकत दारात दिसली तसा तो उठून उभा राहिला, आणि काय करावं ते न सुचून त्याने मूठ पुढे केली. उघडली. तळहातावर पांढरं बटण होतं, चार भोकांचं.

"ऑर्डर..." तो म्हणाला.  "घरपोच. आणि उशीर झाला त्याबद्दल... दिलगीर आहे."

"परत घेणार नाही ना?" तिने विचारलं.

"कधीच नाही."

तिने बटण उचललं. या वेळी दोघांपैकी कुणीच बोटं मागे घेतली नाहीत. रुबाच्या आईने घसा खाकरला तेव्हा कुठे ती सुटली.

"बाजारातून आण म्हटलं होतं," आई म्हणाली, "आणलंस वाटतं."

"आणलं, आई. हात लावून, पारखून."

"आणि त्या कुवेतच्या लोकांना मी काय सांगू?"

रुबाने बटण मुठीत घट्ट धरलं. "सांग, आमची बोहनी झाली. समोर हाला राहते. तिची अजून व्हायचीय."

 आईने ओढणीचं टोक तोंडावर धरलं, पण तिचे खांदे हलत होते. मग तिने डोळे पुसले आणि पाहुणीकडे वळून म्हणाली, "कॉफी प्या, ताई. गार झालीय."

कुसैच्या आईने फिंजान उचललं, आणि कुसैने सकाळपासून रोखून धरलेला श्वास सोडला.