रिकामा विहार

"मी माफी मांगत नाही. काहून मांगू नये, ते तुम्ही शोधा."

दारव्ह्याहून आलेल्या तुळसाबाईंनी पिशवी टेबलावर आपटली आणि धर्मपाल मुनेश्वरच्या ऑफिसातला पंखा थांबला. वीज गेली होती हे खरं. पण विठ्ठलराव आजही सांगतात की पंखा घाबरला.

धर्मपाल हा यवतमाळचा एकुलता एक खासगी गुप्तहेर. त्याचं नाक असं की दारव्हा रोडला कुणी खोटं बोललं तर याला इथं शिंक यावी. विठ्ठलराव त्याचे जोडीदार, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. सगळं वहीत लिहून घ्यायचे आणि वही वाचायला चष्मा घरी विसरायचे.

"जय भीम, मावशी. बसा. पहिलेपासून सांगा."

तुळसाबाई निवृत्त परिचारिका. गेल्या महिन्यात त्या यवतमाळच्या सात जणांसोबत चेन्नईहून श्रीलंकेच्या क्रूझवर गेल्या होत्या. नेणारा होता चारुदत्त टूरवाला. जहाज एक दिवस बंदराला लागणार, तर त्या दिवसासाठी त्यानं वेगळी 'प्रीमियम टूर' विकली. एसी गाडी, खास गाईड, पंचतारांकित जेवण आणि टेकडीवरचा जुना विहार. एका दिवसाचे पैसे जहाजाच्या भाड्याच्या निम्मे.

"सगळ्यायनं घेतली. मी म्हटलं, विहारात जायले प्रीमियम कायले पाह्यजे? उतरली, बस धरली, मंग तीनचाकी. परत आल्यावर ग्रुपवर लिहिलं, एकशे बारा पायऱ्या अनवाणी चढली, तळव्याले फोड आले, सकाळपासून चारपर्यंत तिथंच बसली होती. आपल्यातलं एकही माणूस तिथं आलं नाही. मंग प्रीमियम टूर गेलती कुठं?"

"मग?"

"मंग काय! त्यायनं फोटो टाकला. सातही जण, मागं बुद्धमूर्ती. चारुदत्त म्हणते, तुमचा फोटो दाखवा. माझा नाही. तर म्हणते बाई भिऊन बंदरावरच बसून राह्यली. रविवारी टूरच्या मेळाव्यात माफी मांगा."

"तुमचा फोटो का नाही?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"काढत होती ना! मूर्तीपुढं उभी राह्यली, मोबाईल वर केला, तर एका म्हातारीनं दंड धरून मले गरकन फिरवलं. भाषा समजली नाही, पण आवाज थेट माझ्या सासूचा. मंग मोबाईल पिशवीत टाकला, तो जहाजावरच काढला."

"जेवलात कुठं?" धर्मपालनं विचारलं.

"अकराच्या आत डबा खाल्ला. त्याच्यानंतर त्या दिवशी काही नाही. अंगावर पांढरं पातळ, एक वेळचं जेवण. तुमाले सांगा लागते काय?"

"नाही लागत," धर्मपाल हसला.

विठ्ठलरावांनी वहीत लिहिलं: बाई डाएटवर.

तुळसाबाईंचा आवाज जरा खाली आला. "भाऊ, आमच्या दारव्ह्याच्या चाळीस बाया पुढच्या वर्षी जाणार आहेत. माझ्या शब्दावर. चारुदत्त त्यायले प्रीमियम टूरच गळ्यात मारून राह्यला. मी खोटी ठरली तर त्या त्याच्या मागं जातील. छत्तीस वर्षं दवाखान्यात मी एकच खोटं बोलली, की सुई दुखत नाही. दुसरं बोलली नाही."

चारुदत्तच्या ऑफिसात चहा आला, बिस्किटं आली आणि तो फोटोही आला. सात जण ओळीत हसत उभे, मागे दोन पुरुष उंचीची पांढरीशुभ्र मूर्ती. आसपास चिटपाखरू नाही.

"हा फोटो कुणी काढला?"

"आमच्या गाईडनं. ओळीत उभं त्यानंच केलं. साहेब, प्रीमियम म्हणजे प्रीमियम! मी स्वतः सोबत होतो. एकशे बारा पायऱ्या, तळवे अक्षरशः भाजले. पण दर्शन काय झालं! बाईंचं वय झालंय हो. बंदरावर बसल्या असतील. मला राग नाही, फक्त माफी हवी. लिहूनसुद्धा ठेवलीय, त्यांनी सही करायची."

धर्मपाल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेला, एक पान मागे उलटलं, टूरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि पान सोडून दिलं.

"सुट्टी होती का त्या दिवशी?" बाहेर आल्यावर विठ्ठलरावांनी विचारलं.

"इथं नव्हती."

फोटोतल्या कुंदाताई आणि वामनराव हे नवरा-बायको वाघापूरला राहायचे. कुंदाताई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. खोटं बोलायचा त्यांना मनापासून कंटाळा.

"आम्ही विहारात होतोच," त्या ठामपणे म्हणाल्या. "आणि त्या तिथं नव्हत्या. मी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही सात जण, चारुदत्त आणि गाईड सोडले तर तिथं कुणीच नव्हतं. गाईड म्हणाला, प्रीमियम पाहुण्यांसाठी वेगळी वेळ राखून ठेवलीय."

"पायऱ्या फार होत्या?"

"छे! गाडी थेट समोर. माझ्या गुडघ्यांसाठीच तर मी ते पैसे मोजले."

"चपला कुठं काढल्या?"

"काढल्याच नाहीत. गालिचा टाकला होता ना."

"तुम्ही जाऊ नका हो, मलाही विचारा," कोपऱ्यातून वामनराव गुरगुरले. "पंचतारांकित जेवण म्हणे! मूर्तीपासून हिरवळ ओलांडली की टेबल. बिअर मागितली तर वेटर हात जोडून म्हणतो, आज देशात कुठंच मिळणार नाही. एवढं मोठं हॉटेल अन् कोरडं!"

"तिथला कुणी पुढारी गेला असेल," कुंदाताई म्हणाल्या.

धर्मपालला मोठ्ठी शिंक आली. "चला विठ्ठलराव. झालं काम."

"काय झालं? दोघीही खऱ्या वाटतात! मग खोटं कोण?"

"दोघी खऱ्याच आहेत. तीच तर गंमत आहे."

रविवारी सकाळी हॉल भरला. दारव्ह्याच्या बाया दोन जीप भरून आल्या होत्या. एका जीपमधून एकोणीस जणी उतरल्या असं चहावाला सांगतो; मी त्यातून दोन कमी करून सांगतो. टेबलावर टाईप केलेला माफीनामा होता, त्यावर पेन होतं. आणि पुढच्याच खुर्चीत पांढरं पातळ नेसून, हाताची घडी घालून तुळसाबाई बसल्या होत्या.

"करा सही," चारुदत्त गोड आवाजात म्हणाला.

"पेनाचं टोपण लाव. शाई वाळून राह्यली," तुळसाबाई म्हणाल्या.

धर्मपाल उठला. "सहीच्या आधी माझं ऐका. मावशी त्या दिवशी पांढरं नेसल्या. दुपारनंतर जेवल्या नाहीत. विठ्ठलरावांना ते डाएट वाटलं. आमच्या घरी लहान पोरालाही कळतं, की हा उपोसथ आहे. पौर्णिमेचा बौद्ध उपवास. कॅलेंडर पाहिलं, तर तुमच्या टूरचा दिवस माघ पौर्णिमेचाच होता."

"मग काय बिघडलं?" चारुदत्त म्हणाला.

"श्रीलंकेत पौर्णिमेला सुट्टी असते. त्या दिवशी दारू विकत नाहीत. वामनराव, तुमची बिअर कुण्या पुढाऱ्यानं नाही, चंद्रानं नेली."

हॉलमध्ये हशा पिकला. वामनरावांनी मान डोलावली. एका जुन्या दुःखाचं कारण कळलं होतं.

"आता विचार करा. पौर्णिमेला अख्खं गाव पांढरे कपडे घालून विहारात जातं, दिवसभर बसतं. त्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते. आणि कुंदाताई म्हणतात, तिथं चिटपाखरू नव्हतं. त्या खोटं बोलत नाहीत. म्हणजे जागा खोटी होती."

कुंदाताई ताठ झाल्या. "आमच्यासाठी वेळ राखून ठेवली होती—"

"पौर्णिमेचा विहार कुणासाठी राखून ठेवत नाहीत, ताई. अन् हा फोटो बघा. सात जण मूर्तीकडं पाठ करून हसताहेत. तिथं हे चालत नाही. मावशींनी एकटीनं तसं केलं, तर एका म्हातारीनं त्यांना गरकन फिरवलं. म्हणून त्यांचा फोटो नाही. तुमच्या गाईडनं मात्र तुम्हाला स्वतः ओळीत उभं केलं. खऱ्या विहाराचा गाईड असता तर त्यानंच तुम्हाला मूर्तीकडं वळवलं असतं. चपला पायात, गाडी दारात, हिरवळ ओलांडली की जेवणाचं टेबल. ती हॉटेलच्या बागेतली मूर्ती होती. लग्नाचे फोटो काढायला ठेवतात तशी."

"मलाही गाईडनं फसवलं!" चारुदत्त ओरडला. "मला काय माहीत?"

"तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर तुमचे तळवे भाजले."

चारुदत्तनं पटकन आपल्या चपलांकडं पाहिलं.

"गालिच्यावर चपला घालून तळवे भाजतात कसे? अन् बिनपायऱ्यांच्या जागी एकशे बारा पायऱ्या कुठून आल्या? तो आकडा ग्रुपवर मावशींनी लिहिला होता. खरा विहार कसा असतो ते तुम्ही त्यांच्याच मेसेजात वाचलं आणि मला ऐकवलं. ज्या बाईला खोटं म्हणता, तिचंच खरं उसनं घेऊन!"

दारव्ह्याच्या बायांनी असा गलका केला की म्हणे टिपेश्वरच्या जंगलातल्या वाघानं कान झाकले.

चारुदत्त घाम पुसत तुळसाबाईंपाशी आला. "ताई, मिटवून टाकू. तुमच्या चाळीस जणींना प्रीमियम टूर फुकट देतो."

"फुकट?" तुळसाबाई उभ्या राहिल्या. "फुकटातही महाग आहे ते. गर्दी नको, पायऱ्या नको, पायाले चटका नको. एवढं सगळं काढून टाकल्यावर बापू, विहार उरते कुठं? आमी आमच्या जाऊ. बसनं जाऊ. चुकलो तर इचारू. अन् माफी मी मांगत नाही, ते आत्ताच सांगून ठेवते."

विठ्ठलरावांनी वही उघडली आणि 'बाई डाएटवर' खोडलं.

तेवढ्यात कुंदाताई उठल्या. सगळे पाहत राहिले. त्यांनी टेबलावरचा माफीनामा उचलला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर आपलं नाव लिहिलं. त्यापुढं आकडा घातला: एक्केचाळीस.

"तुळसाबाई," त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतात माझे. एकशे बारा म्हणजे फार होतात हो."

"सुई दुखत नाही म्हणून सांगू काय?"

"नको. खरं सांगा."

"दुखतीन. मंधात तीनदा बसा लागते. मी थांबते ना तुमच्यासंगं." तुळसाबाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला. "फक्त चपला खालीच ठेवजा. अन् त्या म्हातारीनं फिरवलं, तर मुकाट्यानं फिरजा. तेच खरं गाईड आहे."