तू आहेस की इथेच

प्रयोगशाळेचं ते दार हेमांगी चांदेकर सकाळपासून उघडत होती आणि लावत होती. आत यायचं, खुर्चीतल्या आपल्या लेकीकडे, अन्विताकडे बघून हसायचं, चार शब्द बोलायचे आणि "येते गं" म्हणून परत बाहेर पडायचं. वीज मंडळात तिची अख्खी नोकरी झाली, पण इतकं बिनडोक काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत अन्विताच्या डोक्यावर संवेदकांची जाळीदार टोपी होती. चौतीस वर्षांची ती बाई, आई बाहेर गेली की खुर्चीचे हात आवळून बसायची.

"एवढं टिपताय तरी काय?" हेमांगीने डॉ. उकेंना विचारलं. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारावरचा हा नवा उपचार त्यांनीच शोधला होता. त्यासाठी नागपूरच्या या मेंदूसंशोधन संस्थेत लांबलांबून माणसं येत.

"तुम्ही परत येता तो क्षण, ताई. आपलं माणूस नजरेआड झालं तरी ते आहे, आपलं आहे, ही जाणीव तुमच्याआमच्या मेंदूत तेवत राहते. अन्विताच्या मेंदूत ती विझते. तुमचा चेहरा तिला आठवतो, पण तुम्ही तिच्या आहात हे उरत नाही. दार लागलं की तिच्या लेखी तुम्ही तिला टाकून गेलात."

"म्हणजे लाइन गेली की घरात काळोख. बॅटरीच नाही."

"अगदी बरोबर. आम्ही ती बसवतोय. सान्निध्य-रोपण म्हणतो आम्ही त्याला. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र आहे. तुम्ही आत आल्यावर तिच्या मेंदूत जे उमटतं, तेच ते अखंड जागं ठेवील."

हेमांगीला आणखी समजावावं लागलं नाही. कचेरीत दिवसभर खणखणणारा फोन, "आत्ताच तर बोललो नं, अन्वू" म्हटलं की पलीकडून उठणारा आकांत, मोडलेलं लग्न, उन्हाळ्यातही लांब बाह्यांखाली झाकलेले हात, हे सगळं तिने एकटीने काढलं होतं. उपचारगटात शिकलेल्या गोष्टींनी अन्विताच्या रागाला लगाम बसला होता, भीती मात्र हटत नव्हती. नवरा गेल्यापासून हेमांगीच्या जिवाला एकच घोर होता, की आपल्यामागे हिचं कसं होणार.

रोपण झालं आणि घर शांत झालं. एक दिवस हेमांगी शेजारणीबरोबर अख्खा सिनेमा बघून आली, तर अन्विता निवांत भाजी निवडत बसलेली. हेमांगीला आनंदाने रडूच फुटलं. पुढे अन्विताला दापोलीच्या बियाणे-संग्रहात नोकरी लागली. जाण्याच्या दिवशी ती बॅग उचलून बोलत बोलत जिना उतरली आणि "येते" न म्हणताच रिक्षात बसली. हेमांगी दारातच उभी राहिली.

त्यानंतर फोन आलाच नाही. हेमांगीने करावा, तर अन्विता छान बोलायची आणि छान ठेवून द्यायची. दिवाळीला ती आली नाही. "अगं, तू आहेस की इथेच," असं ती इतक्या गोडीने म्हणाली, की बिचाऱ्या आईला रागावताही येईना. शेवटी हेमांगीनेच दापोली गाठली. अन्विताने दार उघडलं, "ये" म्हणाली आणि पुन्हा कुंडीतल्या रोपाकडे वळली. आई जणू शेजारच्या खोलीतून आली होती. मग तिने आलं घालून चहा केला, पाठीला उशी दिली.

"मला तुझी उणीव कध्धीच भासत नाही, आई," ती म्हणाली. आईला देण्यासारखी याहून चांगली बातमी तिच्यापाशी नव्हती.

नागपूरला परतल्यावर हेमांगीच्या पोटदुखीचं निदान झालं. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती पसरली होती. हातात काही महिने होते. ती उकेंकडे गेली.

"अन्विताला सांगितलंत?"

"सांगितलं. तिला वाईट वाटलं. औषधं वेळेवर घे म्हणाली. पण रजा काढून यावं, हे तिच्या मनातच आलं नाही. डॉक्टर, मी गेल्यावर काय होईल?"

उकेंनी समोरची फाइल मिटली. "तिला कळेल, पण जाणवणार नाही. तिच्या मेंदूसाठी तुम्ही कायमच आत्ता दारातून आत आलेल्या असाल. चूक माझी आहे, ताई. टाकलं जाण्याची भीती आणि माणसाची ओढ एकाच तारेवरून येतात. मी ती तारच बंद केली. अन्विताची संमती असेल तर यंत्राची तीव्रता कमी करून बघू या."

अन्विताने लगेच होकार दिला. "तुला हवंय नं? मग करू," म्हणाली आणि दोन दिवसांची रजा घेऊन आली.

पुन्हा तीच खोली, तीच खुर्ची. उकेंनी तीव्रता खाली आणली. हेमांगी "येते गं" म्हणून बाहेर पडली आणि दाराला कान लावून उभी राहिली.

"आई?"

हेमांगीचा जीव सुखावला. कितीतरी दिवसांत तिला असं कुणी बोलावलं नव्हतं. हाक पुन्हा आली आणि तिची किंकाळी झाली. हेमांगी धावत आत गेली. अन्विताने तिला मिठी मारली, नखं पाठीत रुतवली. "तू मरणार आहेस, आई! तू मला सोडून जाणार आहेस!" महिनाभरापूर्वी ऐकलेली गोष्ट तिला आत्ता पोचली होती.

हेमांगीने तिला घट्ट धरलं. तिच्या केसांत तोंड खुपसून ती स्वतःही रडून घेत होती. मग तिला दिसलं, अन्विताचा एक हात दुसऱ्या हाताच्या बाहीत शिरला होता आणि जुन्या खुणा ओरबाडत होता.

"होतं तसं करा," हेमांगी उकेंना म्हणाली.

"मधली पातळी सापडेल, ताई. थोडे प्रयोग करावे लागतील."

"तेवढा वेळ मला नाही. आणि चुकलं तर निस्तरायला मी नसेन."

उकेंनी अन्विताला विचारलं. तिने हुंदक्यातूनच होकाराची मान हलवली. तीव्रता पुन्हा वर गेली, तशी थोड्या वेळाने मिठी सैल झाली. अन्विताने डोळे पुसले, आईचा चुरगळलेला पदर नीट केला आणि "चहा घेऊ या का?" म्हणाली.

ती चहा आणायला गेल्यावर उके हळूच म्हणाले, "तुम्हालाही रोपण करता येईल. अन्विताच्या येण्याची नोंद घेऊन. शेवटचे दिवस सुखाचे जातील."

"नको," हेमांगी म्हणाली. "दोघींतल्या एकीला तरी दुसरी लांब आहे हे कळू दे."

अन्विता दापोलीला परत गेली. आता दिवसभर फोन करायची ती हेमांगी.

"अगं आई, आत्ताच तर बोललो नं," एके दिवशी अन्विता म्हणाली, जराही न चिडता.

"आठवण आली गं तुझी."

अन्विताने अगदी मनापासून विचारलं, "आठवण येते तेव्हा नेमकं काय होतं, आई? मला आता ते नीट आठवत नाही."

हेमांगीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काही विशेष नाही," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"