कोळी पिवळा होताना

पाठीला फवारणीची टाकी लावून तो दुकानात शिरला, म्हणून मी त्याला सरळ आतल्या दाराकडे हात केला.

"झुरळं मशीनच्या मागे आहेत," मी म्हटलं. "आणि जरा बेतानं फवारा, कागदाची खोकी आहेत तिथे."

त्याने टाकी उतरवून भिंतीला टेकवली, पावसाने भिजलेले बूट पायपुसण्यावर पुसले आणि छातीच्या खिशातून आमच्याच लॅबचं पाकीट काढलं.

"झुरळांचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी एवढं सांगा ताई, हे पांढरे कोणी केले?"

खरं तर त्या दिवशी मी काउंटरवर असायलाच नको होतं. फोटो लॅब मामाची. गिऱ्हाइकांशी बोलणं, त्यांच्या बाळांचं कौतुक करणं, उधारी नाकारणं हे सगळं मामाचं काम. मी आत, पडद्यामागे, प्रिंटिंगच्या मशीनवर. पण मामाची दाढ ठणकत होती आणि तो डॉक्टरकडे गेला होता. ती दाढ शाबूत असती तर हा माणूस मामाचे दोन विनोद ऐकून निघून गेला असता, आणि मी पडद्याआडून त्याचे नुसते बूट पाहिले असते.

त्याने काचेवर फोटो ओळीने मांडले. प्रत्येकात एक पिवळं फूल आणि फुलावर पांढरा, चपटा, खेकड्यासारखे पाय पसरून बसलेला कोळी. मला रोल लगेच आठवला, कारण त्याने माझा जीव काढला होता. रोलचे दिवस होते ते. मशीनच्या छोट्या पडद्यावर एकेक फ्रेम यायची, आणि रंग कमी-जास्त करायची बटणं माझ्या हाताखाली. या रोलमध्ये सुरुवातीचा कोळी पांढरा होता, मग एकेका फ्रेमला तो पिवळट होत गेला होता. रोल उन्हात राहिला असणार, असं मी धरून चालले. शेवटपर्यंत पिवळा कमी करत करत मी त्याला पुन्हा पांढराशुभ्र करून दिला. एकाच लग्नातल्या नवरीचे कपडे प्रत्येक फोटोत वेगळ्या रंगाचे दिसले तर गिऱ्हाईक ऐकून घेत नाही, हे मामाने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"मी केले," मी म्हटलं. "बिघडले होते, ते सुधारले."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता फोटोंकडे बघत राहिला, आणि मग ज्याला कुणालाच दोष द्यायचा नाही अशा आवाजात त्याने सांगितलं की हा खेकडा-कोळी आहे. पांढऱ्या फुलावरून पिवळ्या फुलावर आला की तोही हळूहळू पिवळा होतो. एका दिवसात नाही, आठवडे लागतात. त्याच्या कंपनीच्या गोदामामागच्या कुंपणावर हा एकच कोळी तो रोज कामावर जाण्याआधी टिपत होता. दिवसाला एक-दोन फ्रेम, जास्त नाही. कुंपणावर औषध मारू नका म्हणून त्याने आपल्याच कंपनीतल्या लोकांची मनधरणी केली होती.

"आणि तुम्ही त्याला एका दुपारीत परत पाठवलंत," तो म्हणाला. मग जरासा हसला. "पण काम सफाईदार आहे हं. फूलसुद्धा किती फिकं पडलंय बघा…"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी निगेटिव्ह मागून घेतल्या, उजेडाच्या पेटीवर धरल्या. निगेटिव्हमध्ये पिवळ्याचा निळा होतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो निळा चढत गेलेला मला स्पष्ट दिसला. आधी का दिसला नव्हता? कारण मी कोळ्याकडे बघतच नव्हते. मी रंगाकडे बघत होते.

गिऱ्हाइकाला पडद्याच्या आत यायची परवानगी नव्हती. मी त्याला आत नेलं. एकाही बटणाला हात न लावता रोल पुन्हा छापला. मशीनमधून कोमट, किंचित ओलसर वासाचे फोटो एकामागून एक बाहेर पडत गेले, आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर तो कोळी पिवळा झाला.  शेवटच्या फोटोत तर तो शोधावा लागत होता.

मामा गाल सुजवून परत आला तेव्हा हा माणूस मशीनमागे खरोखरच झुरळांचं औषध मारत होता. मला म्हणे, आलोच आहे तर.

मामाने त्याचं नाव झुरळमार पाडलं. "दिवसा मारतो आणि सकाळ-संध्याकाळ फोटो काढतो. अशाने वरती हिशेब कसा लागायचा याचा?" पण झुरळमार दर शनिवारी येऊ लागला तसा मामा त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवू लागला. आपल्या नोकरीबद्दल झुरळमाराने स्वतःहून कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाला, की घरोघरी लोक दार उघडतात आणि म्हणतात, एकही शिल्लक ठेवू नका. आणि तो कपाटामागे वाकतो तेव्हा तिथे हमखास एखादा असा कोळी बसलेला असतो, जो त्याने आधी पाहिलेला नसतो.

त्याचे रोल सगळ्यांच्या आधी मी पाहायचे, त्याच्याही आधी. माणूस काय बघतो हे कळायला याहून सोपा रस्ता नाही. तो पानाच्या मागच्या बाजूला बघायचा. दिव्याच्या खांबाच्या बुंध्याशी बघायचा. कुणाच्या तरी दाराच्या बिजागरीत त्याला अख्खं कुटुंब सापडायचं. मी वाचनालयातून कीटकांचं आणि कोळ्यांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि जेवताना वाचू लागले. मामी म्हणाली, ताटाशेजारी तेवढं पान उघडू नकोस बाई, घास उतरत नाही.

पुस्तकातून मी कोळ्यांचे डोळे शिकले. ते आठ असतात, पण ते कसे मांडलेत यावरून घराणं ओळखता येतं. पाय मोजायला शिकले. आणि एका शनिवारी त्याचे फोटो पाकिटात घालताना एक बाजूला काढून ठेवला.

"रोलबरोबरच्या यादीत तुम्ही मुंगी लिहिलंय," मी म्हटलं. "ही मुंगी नाही."

"नाही?"

"पाय मोजा. मागचे सहा टेकलेत, आणि पुढचे दोन वर धरून मिशा असल्याचं सोंग चाललंय. हा कोळी आहे."

त्याने फोटो उजेडाकडे नेला. बराच वेळ पाय मोजत राहिला… आठापर्यंत मोजायला एवढा वेळ लागत नाही. मग म्हणाला, "मी मुद्दाम लिहिलं होतं. तुमची परीक्षा घ्यायला."

"खोटं."

"हो," तो म्हणाला, "साफ खोटं. फसलो मी." आणि असं हसला की मला पाकीट बंद करायचं सुचेना.

त्या दिवसापासून त्याने मला ताई म्हणणं सोडलं. दुसरं काही म्हणायचं धाडस होईना, तेव्हा हाक न मारताच बोलायचा. "अहो" नाही, "ऐका" नाही. नुसता खाकरायचा. मामाच्या लक्षात आल्यावाचून राहतंय? रात्री जेवताना तो मामीला म्हणाला, "झुरळमाराच्या घशाला काय झालंय कळत नाही. हिला ताई म्हणत होता तोवर ठणठणीत होता."

रविवारी मी त्याच्याबरोबर जाऊ लागले. पाण्याच्या जुन्या टाकीमागे एक पडीक जागा होती, कमरेएवढं गवत, तुटक्या पाइपांवर चढलेले वेल. माझं काम फोटोच्या कागदाच्या खोक्याचं पांढरं झाकण धरून सावलीत उजेड पाडायचं. तो गवतात पालथा पडलेला आणि मी त्याच्या शेजारी उकिडवी. तो म्हणायचा, आता श्वास रोखा. मी रोखायचे. कधी कधी किडा उडून गेल्यावरही आम्ही तसेच बसून असायचो… आणि मग दोघंही एकदम, उगीचच, खोकायचो.

एका सकाळी रिमझिम थांबल्यावर माझ्या बाहीवर एक उडी मारणारा कोळी येऊन बसला. तांदळाच्या दाण्याएवढा, अंगावर मखमल. त्याचे पुढचे दोन मोठे डोळे वळले आणि त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. हे कोळी खरंच मान वर करून माणसाकडे बघतात. मी हालले नाही.

"काढा ना फोटो," मी ओठ न हलवता म्हटलं.

तो अगदी जवळ होता. कॅमेरा गळ्यात होता. त्याने तो उचलला नाही.

"रोल संपलाय," तो म्हणाला, आणि बघत राहिला. कोळी उडी मारून गेला, तरी बघत राहिला.

सोमवारी तो रोल मी धुतला. धुऊन वाळत टाकला आणि खालच्या टोकाला पाहिलं. शेवटच्या फ्रेम कोऱ्या होत्या. एक नाही, ओळीने कितीतरी. स्वच्छ, काहीही न उमटलेल्या. मी तिथेच स्टुलावर बसले. रोल मीच धुणार हे त्याला ठाऊक होतं. शनिवारी तो आला तेव्हा मी पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, "रोल पूर्ण वापरत चला." तो कानापर्यंत लाल झाला. तेवढंच. आमच्यात जे काही बोलणं व्हायचं ते एवढंच.

पाऊस सरता सरता त्याला एका निसर्ग-संग्रहालयाकडून विचारणा झाली; त्यांना त्याने मागे काही फोटो पाठवले होते. त्यांचं एक संशोधन केंद्र होतं, दूर बेटावरच्या जंगलात. तिथले किडे, कोळी, बेडूक टिपायला आणि ओळखायला माणूस हवा होता. नमुन्याचे मोठे फोटो, प्रत्येकाखाली नाव, एवढं घेऊन भेटायला बोलावलं होतं. तिथे फोन नव्हता. होडी पंधरवड्यातून एकदा.

फोटो छापायचे होते मलाच. चांगले छापले तर तो जाणार, आणि वाईट छापले तर तो आयुष्यभर लोकांच्या कपाटामागे वाकत राहणार. मी चांगले छापले. आजवर इतके चांगले छापले नव्हते. एकेका हिरव्यासाठी चार-चार कागद फुकट घालवले. मामा पडद्यापाशी येऊन उभा राहिला आणि या वेळी विनोद केला नाही. म्हणाला, "पोरी, त्याला लांब पाठवायला एवढी मरमर?"

"त्याच्यासाठी नाही," मी म्हटलं. "कोळ्यांसाठी."

"बरं," मामा म्हणाला, आणि माझ्यापुढे चहा ठेवून गेला.

नोकरी मिळाली. तो सांगायला आला तेव्हा पाठीवर टाकी नव्हती आणि अंगात कंपनीचा शर्ट नव्हता, त्यामुळे दारात मी त्याला क्षणभर ओळखलंच नाही. उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. मग खाकरला.

"मी नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणत असाल तर."

मला राग आला. त्याच्यावर नाही, त्या "नाही"वर. ते "नाही" उद्या आमच्या घरात येऊन बसलं असतं आणि रोज आमच्याबरोबर जेवलं असतं.

"तसलं काही कळवायचं नाही," मी म्हटलं. "मला एक सांगा, तिथे रोल कोण धुतं?"

"तिथे कोणी नाही. होडीने शहरात पाठवतात. दमट हवेत तोवर निम्म्यांना बुरशी धरते."

"म्हणजे तुम्ही काय टिपलंत ते तुम्हालाच महिनाभर कळणार नाही."

"नाही."

"मग त्यांना विचारा, एक अंधारी खोली बांधून देतील का. स्वच्छ पाणी लागेल, आणि ते हवं तेवढं गरम करायची सोय. काम मी करीन. पगार घेऊन करीन."

 बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तू… येशील?"

पडद्यामागून मामाचा आवाज आला, की खोलीचं संग्रहालयाला विचारा, मुलीचं मला विचारा, आणि दोन्हीकडे चपला बाहेर काढून या.

लग्न होऊन तो पुढे गेला. खोली बांधून होईपर्यंत मी मामाकडेच राहिले. लग्न, नोकरी, घर, सगळं ठरलं ते पाणी, रसायनं आणि होडीच्या वेळा यांच्या बोलण्यातून. जे बोलायचं असतं ते तसंच राहून गेलं होतं, आणि आता नवरा-बायको झाल्यावर ते काढायची दोघांनाही चोरी वाटत होती.

मी बेटावर उतरले तेव्हा भर दुपार होती. ऊन, चिखल, आणि झाडांतून किड्यांची सलग किरकिर. हातपाय धुवायच्या आधी त्याने मला खोली दाखवली. दाराखालून उजेड येत होता. मी शाल त्या फटीत कोंबली. मग काहीच दिसेना. त्याचा पहिला रोल मी अंधारात उघडला आणि बोटांनी चाचपत धुण्याच्या डब्यातल्या चकतीवर चढवू लागले. यात दोन्ही हात गुंततात, आणि लक्षही.

"बोललं तर रोलला काही होतं का?" त्याने विचारलं. आवाज अगदी जवळून आला.

"बोलण्याने काही होत नाही. उजेडाने होतं."

तो खाकरला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी तू मला आत नेलंस ना… तेव्हापासून तू मला आवडतेस. उजेडात सांगायला जमलं नाही."

माझ्या हातात रोल अर्धा चढलेला होता. सोडता येत नव्हता. मी तो शेवटपर्यंत चढवला, उजेड न शिरणाऱ्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट फिरवलं. आता दिव्याचं बटण दाबलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

"दिवा लावू?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "पुन्हा सांग."